गिऱ्हाईक आधी भिंत बघतं

वडिलांचा फ्लॅट विकायला काढला तेव्हा आम्ही इमारतीच्या गेटवर पाटी लावली: 'फ्लॅट विकणे आहे. एजंट क्षमस्व.' खाली माझा मोबाईल नंबर. ही अक्कल माझ्या नवऱ्याची. एजंटच्या घशात पैसे कशाला घालायचे, आपल्याला काय तोंड नाही का, असं त्याचं म्हणणं. पाटी लागली त्या दिवसापासून फोन सुरू झाले आणि त्यातले जवळजवळ सगळे एजंटांचे होते. "मॅडम, पाटी वाचली. क्षमस्व लिहिलंय ते बरोबर आहे. पण एकदा बोलून तर घेऊ." मी सरकारी कचेरीत कारकून आहे. लोकांना 'उद्या या' म्हणायची सवय माझी, पण ही जमात आमच्याही वरताण निघाली. उद्या म्हटलं की उद्याच फोन करायचे. शेवटी मी हात टेकले आणि नवऱ्याला म्हटलं, पाटीवरची दुसरी ओळ पुसून टाक.

विकायचं कारण सांगते. आम्ही वडिलांना नाना म्हणतो. नानांचा फ्लॅट पाथर्डी फाट्याच्या आतल्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. लिफ्टचा विषय सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये निघायचा आणि चहा आला की संपायचा, कारण तळमजल्यावरच्यांना तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं आणि पहिल्या मजल्यावरचे म्हणायचे, तेवढाच व्यायाम होतो. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी नाना बाथरूममध्ये घसरले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, घरात वॉकर आला. दवाखान्यातून परत आणलं तेव्हा त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलून वर नेलं. प्रत्येक मजल्यावर दारं उघडून लोक बघत होते. नाना मान खाली घालून बसले होते. वर पोचल्यावर पाणी प्यायले आणि म्हणाले, "आता मला चौघांनी उचलायचं ते एकदाच. तोवर नको."

तेव्हापासून ते खाली उतरले नाहीत. ज्या माणसाने अंबडच्या कारखान्यात लेथवर उभं राहून आयुष्य काढलं, युनियनच्या मोर्च्यात पुढे चालला, दर पौर्णिमेला विहारात पायी गेला, तो माणूस गॅलरीतल्या स्टुलावर बसून खालच्या भाजीवाल्याशी बोलायचा. भाजीवाल्याला वर बघून बघून मान दुखायची, मग तोही लवकर निघायचा.

माझ्या गल्लीत तळमजल्यावरचं एक छोटं घर विकायचं होतं. दोन खोल्या, पुढे हातभर माती, त्यात एक कढीपत्त्याचं झाड. मालकीणबाई एकट्या होत्या, मुलाकडे पुण्याला जाणार होत्या. मला म्हणाल्या, "तुमच्या वडिलांसाठी मी दिवाळीपर्यंत थांबते. त्यापुढे मुलगा थांबू देणार नाही." मी त्या घराचा व्हिडिओ काढून नानांना दाखवला. त्यांनी तो इतक्यांदा पाहिला की शेवटी मी तो त्यांच्याच फोनमध्ये टाकून दिला. प्रश्न एकच विचारायचे, "उंबरा किती उंच आहे गं?" मी बोटांनी दाखवायचे. ते वॉकरचा पाय तेवढा उचलून बघायचे आणि म्हणायचे, जमेल. तिसरा मजला विकला गेला की ते घर आमचं होणार होतं, नाहीतर नाही. आमच्याकडे दुसरे पैसे नव्हते.

आम्ही बौद्ध. नानांच्या हॉलमध्ये शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर आहे. त्या तसबिरीबद्दल जास्त सांगायला नको. ती कोणाच्या घरात असते हे महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही कळतं. आमचं आडनाव मात्र असं आहे की ते मराठ्यांतही सापडतं, माळ्यांतही सापडतं आणि आमच्यातही. त्यामुळे आडनाव सांगितलं की समोरच्याचं समाधान होत नाही. तो पुढचा प्रश्न विचारतो, गाव कुठलं? चांदवडकडचं म्हटलं की तो चांदवडमध्ये ओळखीचे कोण कोण आहेत ते चाचपून बघतो. माझ्या आयुष्याचा बराच भाग लोकांना हे असं चाचपडताना बघण्यात गेला आहे. मी कधी मदत करत नाही, बघत बसते.

पहिला एजंट मोठ्या ऑफिसचा. काचेचं दार, आत एसी, भिंतीवर टीव्ही, टीव्हीवर आकाशातून काढलेली नाशिकची चित्रं. चहा नाही, कॉफी. त्याने आमच्या फ्लॅटबद्दल विचारण्याआधी आमच्याबद्दल विचारलं आणि चांदवडपर्यंत येऊन थांबला. "वा, म्हणजे आपलीच माणसं," असं म्हणाला. कोणाची माणसं ते त्याने सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याची फोटो काढणारी मुलगी आली. हसरी होती, नानांना आजोबा म्हणाली, हॉलचे फोटो काढताना तसबिरीपाशी जरा थांबली आणि मग कॅमेरा थोडा डावीकडे वळवला. जाहिरातीत आमचा हॉल आला तो पंखा, खिडकी आणि सोफ्याचा अर्धा भाग एवढाच.

माणसं यायला लागली. दारात चपला काढायची, आत यायची, समोर बघायची आणि त्यांच्या तोंडावर काहीतरी मिटल्यासारखं व्हायचं. त्यानंतर ती माणसं घर बघायची नाहीत, नुसती फिरायची. स्वयंपाकघराच्या दारातूनच मान आत घालायची. नाना आग्रहाने पाणी विचारायचे. "नको, आत्ताच घेतलं," हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं की मला वाटायला लागलं, नाशकात तहानच कोणाला लागत नाही. संध्याकाळी एजंटचा फोन यायचा. कोणाला दार पूर्वेला हवं होतं. आमचं दार पूर्वेलाच आहे म्हटल्यावर पुढच्याला उत्तरेला हवं होतं. कोणाला तिसरा मजला फार वर वाटला, कोणाला फार खाली. काही दिवसांनी फोन यायचे थांबले आणि मी केला तर ती हसरी मुलगी 'सर मीटिंगमध्ये आहेत' म्हणायची.

नानांना मी खरं सांगितलं नाही. बाजार थंड आहे म्हटलं. ते म्हणाले, "बाजार थंड नाही. मी बघतोय ना त्यांची तोंडं."

दुसऱ्या एजंट म्हणजे इमारतीतल्याच एक बाई, पहिल्या मजल्यावरच्या. भिशी चालवायच्या, साड्या विकायच्या आणि जमलं तर फ्लॅटही. आईच्या आजारपणात या बाईंनी आम्हाला डबा दिला होता, हे मी विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "अगं, आपलं घर समजून विकते." आणि खरंच मनापासून कामाला लागल्या. बघायला येणाऱ्यांना आधी आपल्या घरी बसवायच्या, चहा द्यायच्या. पण आमच्याकडे कोणी येतच नव्हतं. लोक पहिल्या मजल्यावरूनच परत जायचे. मी एकदा त्यांना जिन्यात गाठून विचारलं. त्या जराही ओशाळल्या नाहीत.

"मी आधीच सांगते बाई. नंतर कळलं तर मलाच बोलतील ना, आधी का नाही सांगितलं म्हणून. मला इथं राहायचंय. तुला माहिती आहे, माझ्या मनात तसलं काही नाही."

मला माहीत होतं. त्यांच्या मनात खरंच तसलं काही नव्हतं. मला त्यांचा जो राग आला त्याचं काय करायचं ते मला कळेना, म्हणून मी वर जाऊन नानांच्या स्वयंपाकघरातले डबे घासले. स्वच्छ होते तरी घासले. गणपती येऊन गेले होते. माझ्या गल्लीतल्या मालकीणबाई मला कढीपत्ता देताना आता आठवण करून द्यायला लागल्या होत्या.

तिसरा एजंट नानांनीच शोधला. कारखान्यात त्यांच्या शेजारच्या मशीनवर एक दोस्त होता, त्याचा मुलगा. आपला मुलगा. लहानपणी विहारात वंदनेला पुढे बसायचा. आता त्याचं झेरॉक्सच्या दुकानाला लागून छोटं ऑफिस होतं आणि लोक म्हणत होते की तो विकत नाही असं घर नाही. नाना खूश झाले. "आधीच त्याच्याकडे जायला पाहिजे होतं. घरचं सोडून बाहेर फिरत बसलो." मी त्याच्या ऑफिसात गेले तेव्हा टेबलावर गणपतीची मूर्ती होती, मागे एका स्वामींचा फोटो आणि दाराला लिंबू-मिरची. मी बघितलं, त्याने मला बघताना बघितलं. आम्ही दोघांनीही फ्लॅटचं बोलायला सुरुवात केली.

तो घरी आला. नानांच्या पाया पडला, आईच्या फोटोपुढे हात जोडले, पाणी मागून प्यायला. किती दिवसांनी त्या घरात कोणीतरी पाणी मागितलं होतं. मग उभा राहून सगळा हॉल बघितला आणि खाली बसत म्हणाला, "काका, रागावू नका. एक सांगू का?"

"सांग की."

"गिऱ्हाईक आधी भिंत बघतं. फरशी, नळ, खिडक्या, सगळं नंतर. दाखवायच्या दिवसांपुरता फोटो आत घ्या. आतल्या खोलीत ठेवा, लपवू नका, फक्त आत घ्या. विकल्यावर तुम्ही नव्या घरात पहिल्यांदा तोच लावणार आहात."

माझा पारा चढला. मी त्याला काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, ज्यांच्यामुळे तुझ्या अंगावर हा इस्त्रीचा शर्ट आहे त्यांना तू आत घ्यायला सांगतोस? तो मान खाली घालून ऐकत राहिला. मध्ये शोकेसमधल्या बुद्धमूर्तीकडे बोट करून हळूच म्हणाला, "हे राहू द्या, ताई. बुद्ध चालतो. आता सगळेच ठेवतात, वास्तूवाले सांगतात ठेवायला."

नाना त्याला म्हणाले, "तुझ्या ऑफिसातला फोटो कुठं ठेवलास?"

"घरी आहे, काका. कपाटावर."

"कपाटावर की कपाटात?"

तो म्हणाला, "कपाटात."

"धंदा चालतो?"

"आता चालतो."

नानांनी वॉकर पुढे ओढला, उठले, तसबिरीसमोर जाऊन उभे राहिले. आम्हाला पाठमोरे होते. म्हणाले, "काढ."

मी म्हटलं, "नाना, अजिबात नाही. पडू दे घर तसंच. नाही विकलं गेलं तर नाही विकलं."

ते वळले. नाना माझ्यावर कधी आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही. "तू तळमजल्यावर राहतेस," ते म्हणाले. "तुला बोलायला सोपं आहे. मला खाली जायचंय."

त्या मुलाने स्टूल घेतलं, चपला नव्हत्याच पायात, तरी चढण्याआधी पाय पायपुसण्याला पुसले आणि तसबीर उतरवली. नानांनी ती बंडीच्या टोकाने पुसली. आतल्या खोलीत पलंगाशेजारच्या खुर्चीवर ठेवली, शेजारी आईचा फोटो ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याने मिठाईच्या दुकानातून मिळालेलं लक्ष्मीचं कॅलेंडर आणून मोकळ्या खिळ्याला अडकवलं. "नुसती मोकळी भिंत वाईट दिसते," म्हणाला.

आणि लोक पाणी प्यायला लागले. मला हे सांगताना आजही कसंतरी होतं, पण तेच घर, तीच फरशी, तोच गळका नळ, आणि लोक सोफ्यावर टेकून बसायला लागले, स्वयंपाकघरात जाऊन ओटा किती उंच आहे ते बघायला लागले. एका बाईने तर फ्रिज कुठे ठेवायचा ते हाताने मापून घेतलं. नाना आतल्या खोलीत खुर्चीशेजारी बसून असायचे. दार लोटलेलं असायचं. त्या मुलाने सांगितलं होतं की काकांना बरं नाही असं म्हणायचं. मी म्हणायचे. माझ्याच तोंडाने म्हणायचे.

दसरा होऊन गेल्यावर कळवणकडचं एक जोडपं आलं. त्यांचा तिकडे द्राक्षांचा मळा, मुलगी नाशकात कॉलेजला, तिच्यासाठी घर हवं होतं. माणूस मितभाषी, बाई मोकळ्या. गॅलरीत उभ्या राहून म्हणाल्या, "लय हवा हाय ओ इथं. आमच्या पोरीला अभ्यासाला बरं." मला त्या खरोखर आवडल्या. त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला, दुसऱ्यांदा मागितला, नानांची चौकशी केली, खुब्याला तिळाच्या तेलाने मालीश करा म्हणाल्या. जाताना माणूस एजंटला म्हणाला, नाय म्हणायला जागा नाय. पुढच्या गुरुवारी ते इसार घेऊन येणार होते.

मी त्या रात्री मालकीणबाईंच्या घरी जाऊन सांगून आले की झालं, आता तुम्ही बांधाबांध करा. त्यांनी मला दारातल्या दोन कुंड्या तिथेच ठेवून जाऊ का विचारलं. मी नानांना फोन केला, ते म्हणाले, ठेवू दे. मग म्हणाले, "पौर्णिमेला विहारात मी एकटा जाईन बरं का. तुम्ही कोणी मागे यायचं नाही."

गुरुवारी ती दोघं आली. एजंट होता, माझा नवरा होता, मी होते. नाना त्या दिवशी पांढरा सदरा घालून बाहेर हॉलमध्ये येऊन बसले, कारण सही त्यांचीच होती. बाईंनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला आणि दोन्ही हातांनी नानांपुढे धरला.

"काका, आधी देवापुढं ठेवा. मग आपन सगळी तोंड गोड करू."

यात त्यांचं काही चुकलं नाही. कोणीही हेच म्हणालं असतं. माझी आईसुद्धा घरात पेढे आले की आधी तसबिरीपुढे ठेवायची, मग आम्हाला हात लावू द्यायची. एजंट चपळ होता. तो पुडा घ्यायला पुढे झाला, त्याचा दुसरा हात कॅलेंडरकडे वळलाही होता. "द्या, मी ठेवतो," तो म्हणाला.

"थांब," नाना म्हणाले. "माझं घर आहे. मी ठेवतो."

त्यांनी पुडा वॉकरच्या दांडीवर हाताखाली दाबून धरला आणि उठले. हॉलमधून आतल्या खोलीपर्यंतचं अंतर ते काय, पण नानांना वेळ लागतो. मला कळलं ते कुठे चाललेत. एजंटलाही कळलं, त्याने माझ्याकडे बघितलं, मी काहीच करू शकले नाही. काय करणार होते? वडिलांना दंडाला धरून मागे ओढणार होते? त्या बाईंना मात्र वाटलं, देवघर आत आहे. त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि "मी बी नमस्कार करते," म्हणून त्यांच्या मागोमाग आत गेल्या.

मी दारापर्यंत गेले. नानांनी पुडा उघडला होता. एक पेढा त्यांनी निळ्या कोटापुढे ठेवला, एक आईपुढे. वॉकर सोडून, पलंगाच्या कडेला टेकून, दोन्ही हात जोडले. बाई पदर धरून उभ्या होत्या. जोडायला उचललेले हात तसेच छातीपाशी राहिले होते. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, किळस नव्हती. आपण चुकून दुसऱ्याच्याच घरात शिरलो असं कळलेल्या माणसासारख्या त्या दिसत होत्या.

नानांनी पुडा त्यांच्यापुढे केला. "घ्या ताई."

त्यांनी एक पेढा उचलला. हातात धरला. मग म्हणाल्या, "माझा उपास हाय." थोड्या वेळापूर्वी आमच्याकडे चहाबरोबर त्यांनी बिस्किट खाल्लं होतं. पेढा त्यांनी रुमालाच्या कोपऱ्यात बांधला, नीट, गाठ मारून. बाहेर येऊन नवऱ्याकडे नुसतं बघितलं. त्याने चेकबुक काढून टेबलावर ठेवलं होतं ते खिशात परत घातलं. "दिवस बघून कळवतो," म्हणाला. निघताना बाई नानांना म्हणाल्या, "तब्येतीला जपा काका," आणि ते मनापासून म्हणाल्या, हे मला दिसलं. जिन्यातून त्यांच्या बोलण्याचा आवाज आला नाही.

संध्याकाळी एजंटचा फोन आला. मुलीला कॉलेज लांब पडतं म्हणे.

दोन दिवसांनी नानांनी त्याला बोलावून घेतलं आणि तसबीर जागेवर लावायला सांगितली. मला वाटलं होतं तो रागावेल, त्याची आयती मिळकत गेली होती. तो रागावला नाही. स्टुलावर चढला, कॅलेंडर काढलं, तसबीर सरळ लागली का ते मागे सरकून बघितलं. नाना म्हणाले, "एजंट तूच राहा. पण यापुढे घर आहे तसं दाखव."

"मग वेळ लागेल, काका."

"लागू दे."

"बघतो," तो म्हणाला. त्याने कॅलेंडरची गुंडाळी केली, रबरबँड लावला आणि जाताना बरोबर नेली. दुसरीकडे उपयोगी पडेल म्हणाला. त्याने त्यानंतर कोणाला पाठवलेलं नाही. मी फोन केला की उचलतो, आदराने बोलतो, नानांची तब्येत विचारतो.

मी नानांना एकदाच विचारलं. त्यांच्यासाठी भाकरी करत होते, ते दारात वॉकरला टेकून उभे होते. म्हटलं, फोटो उतरवलात तेव्हा तुम्हीच मला गप्प केलंत. मग त्या दिवशी काय झालं? एक पेढा तर होता.

"उतरवला तो मी," ते म्हणाले. "तो माझ्या हिशेबात बसला. पण घरात गोड आलं आणि दुसऱ्यापुढं ठेवलं, हे मला नसतं जमलं. कुठं ठेवणार होतो मी ते पेढे? तूच सांग."

मी भाकरी उलटली.

दिवाळीनंतर मालकीणबाई पुण्याला गेल्या. त्या घरात आता एक कुटुंब आहे, त्यांची लहान मुलगी पुढच्या मातीत खेळते. आमच्या समाजात ही गोष्ट पसरली. विहारात एका कार्यक्रमात कोणीतरी माइकवरून नाव न घेता नानांचं कौतुक केलं. बायका माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, असा बाप पाहिजे. मला अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू. नाना मात्र तो कार्यक्रम ऐकायला नव्हते. ते तिसऱ्या मजल्यावर होते.

दर रविवारी मी भाजी, औषधं, पेपर घेऊन वर जाते. ते गॅलरीतल्या स्टुलावर बसलेले असतात. आता त्या व्हिडिओतल्या घराबद्दल विचारत नाहीत. वॉकरसुद्धा कमी वापरतात, भिंतीला धरून चालतात, कारण जायचं कुठे असतं. परतताना मी कठड्याला धरून उतरायला लागते आणि पहिल्या वळणाच्या आतच माझ्या मनात येतं, का नाही ठेवलात, नाना? एक पेढा त्या कॅलेंडरपुढे ठेवला असता, कोणाचं काय बिघडलं असतं, आज माझ्या दारासमोर उन्हात बसला असता. ज्यांच्यावर चिडायचं ते कोण, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण चिडते मी नानांवर. रोज चिडते.